गिऱ्हाईक मोबाईलवर शोधा, सौदा बँकेत करा: गावातून महागडी वस्तू ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी

मे महिना लागला की विदर्भातल्या गावांत जुन्या वस्तू विकायला निघतात. कापसाचा पैसा लग्नात आणि सोसायटीच्या कर्जात गेलेला असतो, मृगाआधी बियाणं-खत घरात यायला हवं असतं, आणि अंगणात उभी असलेली दुसरी मोटरसायकल किंवा दोन हंगाम न चाललेलं थ्रेशर डोळ्यांत सलायला लागतं. पूर्वी अशा वेळी दलालाला निरोप जायचा, नाहीतर आठवडी बाजारात चार लोकांच्या कानावर घातलं जायचं. आता घरातलं पोरगं फोटो काढतं, पाच मिनिटांत जाहिरात लावतं आणि चहा होईपर्यंत फोन वाजतो. हा पहिला फोन बहुधा गिऱ्हाइकाचा नसतो.

पहिल्यांदाच ऑनलाइन विकायला निघालेल्यांसाठी हे लिहितो आहे. ट्रॅक्टर, मोटरसायकल, कार, लग्नात शूटिंगला वापरलेला कॅमेरा, लॅपटॉप, डीजेचा सेट, असं पंधरा-वीस हजारांच्या वरचं काहीही. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: मोबाईलवर फक्त गिऱ्हाईक शोधायचं. भाव समोरासमोर, पैसे बँकेत, आणि सही कागदावर. याने फसवणुकीचा धोका तर घटतोच, पण कमिशनही वाचतं, आणि तो हिशेब लोक सहसा मांडत नाहीत.

पायरी १: कुठे विकायची आणि त्याला किती लागतं

ऑनलाइन विकण्याच्या जागा मुख्यतः दोन तऱ्हेच्या आहेत. एक, नुसती जाहिरात लावू देणाऱ्या: ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस, तालुक्याचे व्हॉट्सॲप ग्रुप. इथे विक्रीवर कमिशन कापलं जात नाही. काही ठिकाणी ठरावीक जाहिराती फुकट असतात आणि जाहिरात वरच्या बाजूला दिसावी म्हणून वेगळे पैसे मागतात. ते पहिल्या आठवड्यात भरू नका. फोटो चांगले आणि भाव रास्त असेल तर पन्नास किलोमीटरच्या टापूतलं गिऱ्हाईक तसंही येतं.

दुसऱ्या जागा सौदा स्वतःच्या हातून घडवतात. ॲमेझॉन, फ्लिपकार्टवर विक्रेता म्हणून नोंदणी करावी लागते, आणि घरातली एखादी वापरलेली वस्तू विकण्यासाठी त्या नाहीतच. पण कमिशन घेणारी कोणतीही जागा असो, हिशेब कसा होतो ते पाहा. समजा कॅमेरा ६०,०००ला गेला. कमिशन ८ टक्के धरलं तर ४,८००. पैसे वळते करण्याचं शुल्क २ टक्के धरलं तर १,२००. झाले ६,०००. या शुल्कावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १,०८०. एकूण ७,०८० गेले, कुरिअर आणि पॅकिंग वेगळंच. टक्केवारी प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, पण शुल्कावरचा जीएसटी धरायला नवखा माणूस हमखास विसरतो.

आता दुसरी बाजू. तुमच्या शेजारच्या तालुक्यातल्या माणसाने ट्रॅक्टरचे ४ लाख बँकेतून आरटीजीएसने, म्हणजे मोठी रक्कम थेट खात्यात पाठवण्याच्या सोयीने, पाठवले, तर २ ते ५ लाखांच्या रकमेवर शाखा त्याच्याकडून जास्तीत जास्त २४ रुपये ५० पैसे आणि वर जीएसटी घेऊ शकते. तुमच्या खात्यात पैसे येण्याचं शुल्क शून्य. चार लाख सरकवायला तीस रुपयेही लागत नसतील तर टक्क्यांनी कमिशन कशासाठी द्यायचं?

जुने मोबाईल, लॅपटॉप घेणाऱ्या कंपन्या हा तिसरा मार्ग. त्यांच्या ॲपवर दिसणारा भाव हा ‘सर्व काही उत्तम असेल तर’चा भाव असतो. माणूस दारात येऊन ओरखडे मोजतो आणि भाव खाली आणतो. फसवणूक म्हणता येणार नाही, पण मनात दहा-वीस टक्के कमीच धरून चला. गावाच्या पिनकोडवर त्यांची सेवा आहे का, तेही आधी पाहा.

नेहमीचा धंदा करणाऱ्यांचं गणित वेगळं. बांबूचं फर्निचर किंवा स्वतः बनवलेला माल मोठ्या संकेतस्थळावरून सतत विकायचा असेल तर जीएसटी नोंदणीचा प्रश्न येतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना त्यात अटींवर सूट आहे. शिवाय अशा विक्रीवर कंपनी ०.१ टक्का टीडीएस, म्हणजे आयकरापोटी आगाऊ रक्कम, कापते, आणि नोंदणीकृत विक्रेत्याचा ०.५ टक्का जीएसटीपोटी कापते. पॅन दिलेल्या आणि वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीचा टीडीएस कापला जात नाही. कापलेला पैसा बुडत नाही, विवरणपत्रात दिसतो. घरची जुनी मोटरसायकल एकदाच विकणाऱ्याने या भानगडीत डोकं घालायचं कारण नाही.

सोनं मात्र ऑनलाइन जाहिरात लावून विकू नका. ओळखीच्या सराफाकडे जा, हॉलमार्क आणि दागिन्यावरचा ओळख क्रमांक (एचयूआयडी) दाखवा, पैसे खात्यात घ्या.

विकणारा पैसे देत नसतो

शुल्काचा विषय निघालाच आहे, तर फसवणुकीची सगळ्यात सोपी खूण इथेच सांगतो. विकणाऱ्याच्या खिशात पैसे यायचे असतात. ‘रजिस्ट्रेशन फी भरा’, ‘ट्रान्सपोर्टचा विमा भरा, मागाहून परत मिळेल’, ‘गेट पासचे पंधराशे टाका’, ‘जीएसटी आधी भरा’ असं घेणारा म्हणाला की बोलणं तिथेच संपवायचं.

आपल्याकडे याची सर्वांत जास्त चालणारी जात म्हणजे जुन्या नोटा. ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट लाखात जाते, अशा जाहिराती फेसबुकवर सारख्या फिरतात, आणि ती नोट विदर्भात कोणत्या ना कोणत्या घरात पोथीत किंवा डब्यात सापडतेच. फोन केला की पलीकडचा माणूस नोटेचा फोटो मागतो, ‘मंजूर’ करतो, मग रिझर्व्ह बँकेच्या नावाचं, शिक्क्याचं पत्र पाठवतो आणि म्हणतो, कमिशन भरा. ते भरलं की टॅक्स, मग खातं उघडण्याचा खर्च. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात ती पडत नाही, कुणाकडून शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि तसा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आजच सांगून ठेवा. ते फोन त्यांच्याच नंबरवर जास्त येतात.

पायरी २: कागद आधी, फोटो नंतर

जाहिरात लावण्याआधी कागद काढून बसा. गाडी असेल तर आरसी, विमा, पीयूसी, आणि ऑनलाइन चलान थकलं आहे का ते. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा दिसत असेल तर कर्ज फिटलं एवढं पुरत नाही. कंपनीचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरटीओकडून तो बोजा उतरवून घ्यावा लागतो. ट्रॅक्टरच्या कर्जाची नोंद सातबाऱ्यावरही असू शकते, तीही पाहा. अनुदानावर घेतलेलं अवजार असेल तर विकता येतं का, हे तालुका कृषी कार्यालयात विचारल्याशिवाय फोटोसुद्धा काढू नका. बैलजोडीची जाहिरात लावणाऱ्यांनी कानातला बारा आकडी बिल्ला आणि घेणारा शेतकरीच आहे याची खात्री, या दोन गोष्टी सोडू नयेत. गोवंशाचा कायदा कडक आहे आणि चौकशी पहिल्या मालकापर्यंत येते.

मोबाईल-लॅपटॉपचं बिल शोधा. मोबाईलवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की आयएमईआय, म्हणजे त्या हँडसेटचा ओळख क्रमांक, दिसतो, तो वहीत लिहून ठेवा.

फोटोत नंबरप्लेट झाकली तरी चालते. आरसी, आधार, पॅन यांचे फोटो व्हॉट्सॲपवर कुणालाही पाठवायचे नाहीत. त्याच फोटोंवर उद्या तुमच्या नावाची दुसरी जाहिरात लागते आणि फसलेला माणूस तुमच्या दारात येतो. फारच अडलं तर कागदाच्या प्रतीवर पेनाने आडवं लिहा, ‘फक्त गाडी पाहण्यासाठी’, तारीख टाका, मग फोटो द्या. जाहिरातीत गावाचं नाव नको, तालुका पुरे. आणि एक ओळ जरूर टाका: समोर येऊन पाहणाऱ्यालाच विकणार.

पायरी ३: फोन कुणाचा आहे ते ओळखा

खरं गिऱ्हाईक फोनवर कसं बोलतं? “भाऊ, गाडी हाये का अजून? किती चालली? टायर कसे हायेत? कितीत देसान?” मग ते चाळीस हजारांच्या गाडीला अठ्ठावीस म्हणतं, तुम्हाला राग येतो. येऊ द्या. भाव पाडणारा माणूस खरा असतो, कारण त्याला स्वतःचे पैसे द्यायचे असतात.

चोर भाव पाडत नाही. तो हिंदीत बोलतो, आवाजात अदब असते: “भाईसाब, मैं फौज में हूँ, अभी ड्यूटी पर हूँ, गाड़ी मेरा आदमी ले जाएगा, पेमेंट अभी कर देता हूँ.” व्हॉट्सॲपवर वर्दीतला फोटो, कॅन्टीन कार्ड, आधार सगळं न मागता येतं. हे कागद कुण्या खऱ्या जवानाचे, आधी कुठेतरी उचललेले असतात. आता तर खऱ्या फौजी माणसालाही जुनी गाडी घ्यायला गेलं की लोक संशयाने पाहतात, इतका हा प्रकार माजला आहे.

पुढे तो पैसे ‘पाठवतो’. त्याच्या तऱ्हा ठरलेल्या आहेत.

क्यूआर कोड पाठवून म्हणतो, स्कॅन करा, पैसे येतील. यूपीआय पिन पैसे जाण्यासाठी किंवा शिल्लक पाहण्यासाठी लागतो, पैसे येण्यासाठी कधीच नाही. स्कॅन करून पिन टाकला की तुमच्याच खात्यातून जातात. ‘पैसे मागण्याची’ विनंती पाठवून लुबाडण्याचा प्रकार इतका वाढला होता की व्यक्ती-व्यक्तींमधली ती सोयच १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. चोरांनी मग क्यूआर आणि लिंक यांवर जोर दिला.

दुसरी तऱ्हा बनावट मेसेजची. ‘युवर अकाउंट क्रेडिटेड’ असा मेसेज येतो, पण तो साध्या दहा आकडी नंबरवरून. बँक असा मेसेज खासगी मोबाईल नंबरवरून पाठवत नाही. गावात रेंजची बोंब असते हे चोराला ठाऊक आहे, म्हणून तो म्हणतो, “नेटवर्क स्लो होगा, मैसेज लेट आएगा, मेरा आदमी खड़ा है, गाड़ी दे दो.” पैसे आले की नाही हे मेसेजवर ठरवायचंच नाही. ॲप उघडून शिल्लक पाहा, नाहीतर बँक मित्राकडे मिनी स्टेटमेंट काढा. जिल्हा बँकेत खातं असेल तर पासबुक भरून आणा. वस्तू तुमच्या अंगणात आहे, घाई त्याला आहे.

‘चुकून पन्नास हजार जास्त गेले, परत पाठवा’ हा प्रकारही याच घरातला. आधी बनावट मेसेज, मग रडवेला आवाज, बायको दवाखान्यात आहे वगैरे. खरंच जास्त आले असतील तर त्याने त्याच्या बँकेला कळवावं. तुम्ही हाताने परत पाठवायचे नाहीत.

आणि फाईल. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’, ‘पीएम किसान’, ‘पेमेंट स्लिप’ अशा नावाची, शेवटी एपीके असलेली फाईल आली की ती उघडायची नाही. ती कागद नसते, ॲप असतं, आणि ते तुमचे मेसेज आणि ओटीपी वाचायला लागतं. ‘मी मदत करतो, एनीडेस्क घ्या’ म्हणणाऱ्यालाही तेच उत्तर, कारण त्या ॲपने तुमचा फोन दुसऱ्याला दुरून पाहता-चालवता येतो.

तिरपा सौदा: ज्यात दोघंही खरे असतात

वरचे प्रकार आता बऱ्याच लोकांना ऐकून माहीत आहेत. गाड्यांच्या विक्रीत मात्र एक डाव असा चालतो की त्यात शिकलेली माणसंही सापडतात, म्हणून तो नीट उलगडून सांगतो.

तुम्ही ट्रॅक्टरची जाहिरात लावता, भाव ४ लाख. चोर तुमचे फोटो उचलून स्वतःची जाहिरात लावतो, भाव ३ लाख २० हजार. खरं गिऱ्हाईक त्याला फोन करतं. तो गिऱ्हाइकाला सांगतो, “ट्रॅक्टर माझ्या मेव्हण्याकडे उभा आहे, जाऊन पाहा, पण त्याच्याशी भावाचं बोलू नका, घरातलं भांडण आहे.” तुम्हाला सांगतो, “माझा भाऊ पाहायला येतोय, ४ लाख मंजूर, पण त्याला आकडा सांगू नका, मला त्याचे जुने पैसे वळते करायचे आहेत.” गिऱ्हाईक येतं, ट्रॅक्टर पाहतं, चालवून पाहतं, पसंत करतं. तुम्ही दोघं चहा पिता, पावसापाण्याचं बोलता आणि भावाचा शब्द काढत नाही. तो माणूस तिथूनच चोराच्या खात्यात पैसे टाकतो आणि म्हणतो, चला, किल्ली द्या. तुम्ही म्हणता, मला तर रुपया आला नाही.

आता अंगणात उभे असलेले दोघंही प्रामाणिक आहेत, आणि दोघंही एकमेकांना चोर समजतात. प्रकरण ठाण्यात जातं. कधीकधी चोर वीस-पंचवीस हजार टोकन म्हणून तुमच्याही खात्यात टाकतो, मग तुमचं नाव व्यवहारात पक्कं अडकतं.

यावर उपाय अगदी साधा, फक्त भीड मोडावी लागते. जो माणूस समोर उभा आहे त्याला पहिल्या पाच मिनिटांत विचारायचं: “दादा, जाहिरात कुठं पाहिली? भाव किती सांगितला तुम्हाले? पैसे कोणाच्या खात्यातून देणार?” मध्ये तिसऱ्या माणसाचं नाव आलं, किंवा ‘भावाचं बोलू नका’ असं कुणी सांगितलं असेल, तर त्या तिसऱ्याला दोघांसमोर स्पीकरवर फोन लावा. तो उचलणार नाही.

पायरी ४: पाहायला येणार तेव्हा

दिवसा बोलवा, घरात दुसरा माणूस असू द्या. लहान महाग वस्तू, कॅमेरा किंवा लॅपटॉप, घरी दाखवण्यापेक्षा तालुक्याच्या ठिकाणी बँकेजवळ किंवा ओळखीच्या दुकानात दाखवा. मोटरसायकल चालवून पाहायची म्हटली तर मागे तुम्ही बसा. ‘त्याची चप्पल इथंच आहे’ या भरवशावर गाड्या गेलेल्या आहेत. येणाऱ्याचं लायसन्स पाहा, नाव वहीत टिपा. खरा घेणारा याला रागावत नाही.

पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक कॅमेरा कुरिअरने मागत असेल तर तेही तुम्हाला घाबरत असतं, हे लक्षात घ्या. त्याचा नागपूर-अमरावतीत कुणी नातेवाईक असेल तर त्याने येऊन पाहावं. तसं जमलंच नाही तर आधी पूर्ण पैसे, मग पार्सल. पॅक करताना वस्तूचा सिरियल नंबर दिसेल असा सलग व्हिडिओ काढा, पोस्टाने विमा उतरवून पाठवा, पावती जपा. ‘खोकं रिकामं निघालं’ म्हणणाऱ्याला उत्तर म्हणून तो व्हिडिओच उपयोगी पडतो.

पायरी ५: पैसे

यूपीआयवर एका व्यक्तीने दुसऱ्याला दिवसाला साधारण १ लाखापर्यंत पाठवता येतात. आयएमपीएस म्हणजे खात्यातून खात्यात लगेच पैसे पाठवण्याची सोय, तिची मर्यादा ५ लाख. आरटीजीएस २ लाखांपासून पुढे. मोबाईल-लॅपटॉपला यूपीआय ठीक आहे. ट्रॅक्टर-कारला मी सरळ सांगेन: दोघं मिळून घेणाऱ्याच्या किंवा तुमच्या बँकेच्या शाखेत जा. त्याने तिथे फॉर्म भरावा, पैसे तुमच्या खात्यात उतरले हे तुम्ही काउंटरवर पाहावं, मग किल्ली. अर्धा दिवस जातो. जाऊ द्या.

रोखीची सवय आपल्याकडे जुनी आहे, विशेषतः बाजाराच्या दिवशी. पण एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. दीड लाख आज आणि दीड लाख परवा असे तुकडे केले तरी व्यवहार एकच धरला जातो, आणि घेतलेल्या रकमेएवढा दंड रोख घेणाऱ्यावर, म्हणजे विकणाऱ्या तुमच्यावर, बसू शकतो. कमी रक्कम रोख घेतलीच तर घेणाऱ्यासोबत बँकेत जाऊन तिथेच भरा. नोट बनावट असेल तर ती तिथेच कळते. मोठी रोख भरायला पॅन लागू शकतो.

चेक घेतला तर तो वटेपर्यंत वस्तू हलवायची नाही. ‘चेक जमा केला’ आणि ‘चेक वटला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जमा पावती दाखवून गाडी नेणारे आहेत. डिमांड ड्राफ्टही बनावट निघतो, तो ज्या बँकेचा आहे तिथे विचारून घ्या.

आता एक नवं दुखणं, ज्याची कल्पना फार कमी लोकांना असते. तुम्हाला पैसे खरोखर मिळतात, वस्तू जाते, सगळं सुरळीत होतं, आणि पंधरा दिवसांनी तुमचं खातं गोठतं. कारण ज्या खात्यातून पैसे आले, त्यात कुण्या तिसऱ्याला लुबाडलेला पैसा आलेला होता. त्याने तक्रार केली, आणि पैशाचा माग काढत पोलिसांनी पुढच्या सगळ्या खात्यांवर रोक लावली. तक्रार बहुतेक वेळा दुसऱ्याच राज्यातली असते. पीक विम्याचे पैसेही त्याच खात्यात अडकतात आणि पेरणी तोंडावर असते. म्हणून पैसे समोर उभ्या असलेल्या माणसाच्याच खात्यातून यायला हवेत. ‘मित्राच्या फोनवरून टाकतो’, ‘भाच्याच्या खात्यातून पाठवतो’ चालणार नाही. आधी एक रुपया मागवा, पाठवणाऱ्याचं नाव लायसन्सशी जुळवा. जमलं तर मोठ्या विक्रीसाठी वेगळं खातं वापरा, घरखर्चाचं आणि अनुदानाचं खातं त्यात गुंतवू नका. तरीही खातं गोठलंच, तर बँकेकडून कोणत्या ठाण्याची तक्रार आहे ते लेखी घ्या आणि विक्रीचा कागद, घेणाऱ्याचा ओळखपुरावा, गप्पांचे स्क्रीनशॉट त्या ठाण्याला पाठवा. कागद असेल तर सुटका होते, नसेल तर चकरा.

पायरी ६: कागदावरून नाव उतरवा

मोबाईल, कॅमेरा यांना साधी पावती पुरते: दोघांची नावं, वस्तूचा सिरियल नंबर किंवा आयएमईआय, रक्कम, पैसे कसे आले त्याचा संदर्भ क्रमांक, तारीख, वेळ, दोघांच्या सह्या. मोबाईल देताना गुगल खातं काढा, यूपीआय ॲप बंद करा, सिम आणि कार्ड काढा, मग फॉरमॅट करा.

गाडीला एवढ्यावर भागत नाही. महाराष्ट्रात आता करारासाठी किमान ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो. त्यावर विक्री करारनामा करा, आणि गाडी कोणत्या तारखेला, किती वाजता ताब्यात दिली ते त्यात लिहा. त्या वेळेनंतरचं चलान, अपघात, गुन्हा याची जबाबदारी घेणाऱ्याची, हेही लिहा. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० भरा. घेणारा राज्यातलाच असेल तर विकल्याची माहिती आरटीओला १४ दिवसांत द्यायची असते, राज्याबाहेरचा असेल तर ४५ दिवसांत. आपल्या कडेच्या तालुक्यांत हे नेहमीचंच आहे. पांढरकवड्याची गाडी आदिलाबादला जाते, वरूडची मध्य प्रदेशात, गोंदियाची बालाघाटला. तेव्हा आरटीओचं फॉर्म २८चं ना-हरकत पत्रही लागतं. ‘तिकडे गेल्यावर नावावर करून घेतो’ या बोलीवर एमएच-२९ किंवा एमएच-२७ची कितीतरी वाहनं वर्षानुवर्षं जुन्याच मालकाच्या नावावर सीमेपलीकडे फिरत असतात.

हे घातक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तोच अपघाताच्या नुकसानभरपाईसाठी मालक धरला जाणार, मग गाडी मध्ये कितीही हात फिरलेली असो. सही केलेले कोरे फॉर्म २९-३० देऊन मोकळं व्हायची आपल्याकडची पद्धत म्हणूनच सोडून द्या. डीलरला देत असाल तर त्याचं आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र पाहा आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची फॉर्म २९-सीवरची नोंद करून घ्या. ही पद्धत १ एप्रिल २०२३ पासून आहे.

ऑनलाइन हस्तांतर करताना विकणाऱ्याच्या आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. ओटीपी कुणाला सांगू नये हे खरं, पण इथे तो लागतो. तो स्वतः समोर बसून, अधिकृत परिवहन पोर्टलवर, पैसे खात्यात आल्यावरच टाका. फोनवरून कुणालाही सांगू नका. महिनाभराने त्याच पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून नाव बदललं का ते पाहा. कारचा फास्टॅग बंद करा. विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सवलत, गाडीसोबत जात नाही, तो तुमचा असतो. नवी गाडी घेणार असाल तर कंपनीकडून त्याचं पत्र मागून घ्या.

फसवणूक झालीच तर

लाजून घरात बसू नका, पंचायतीत सल्ला विचारत फिरू नका. ताबडतोब १९३० ला फोन लावा. पैसा चोराच्या पुढच्या खात्यात असेपर्यंतच रोखता येतो, काढला गेला की हाती लागणं कठीण. फोनवर तुमचा खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक विचारतील. यूपीआयचा हा क्रमांक बारा आकडी असतो, तो ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. लाईन लागली नाही तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. सोबत बँकेत जाऊन लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बँकेचा ग्राहक सेवा नंबर गुगलवर शोधू नका, तिथे चोरांनीच नंबर पेरून ठेवलेले असतात. पासबुक किंवा एटीएम कार्डावर छापलेला नंबर लावा.

चॅट पुसू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. ठाण्यात ‘हे आमच्या हद्दीतलं नाही’ असं उत्तर मिळालं तर झिरो एफआयआर मागा. नव्या कायद्यात ती १ जुलै २०२४ पासून कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. नुसता संशयित फोन आला असेल आणि पैसे गेले नसतील, तर तो नंबर संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’मध्ये कळवता येतो.

तक्रार केल्यावर काही दिवसांनी आणखी एक फोन येण्याची शक्यता असते. “सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला पाच हजार प्रोसेसिंग फी भरा.” त्याच्याकडे तुमचं नाव असतं, गेलेली रक्कम असते, तारीखही असते, कारण ही माहिती पहिल्या चोराकडूनच त्याच्याकडे आलेली असते. पोलीस किंवा बँक गेलेले पैसे परत द्यायला फी घेत नाहीत. हा नंबरही त्याच तक्रारीत जोडून द्या.